ट्यूब बदलली तरी गिटार अँपची गुणगुण परत का येते?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. अँप गुणगुणायला लागला, मध्येच चरचरायला लागला, म्हणून नव्या ट्यूबा (आवाज मोठा करणारे काचेचे व्हॉल्व्ह) आणून बसवल्या. काही आठवडे अँप शांत, मग तोच आवाज परत. पुन्हा ट्यूबा, पुन्हा खर्च.

यात अनेकदा ट्यूबचा दोषच नसतो. ट्यूब काढताना-घालताना तिच्या पिना सॉकेटमध्ये घासतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो आणि काही दिवस संपर्क सुधारतो. श्रेय मात्र नव्या ट्यूबला मिळतं. त्यामुळे खरेदीला निघण्याआधी अँप बंद करून, थंड होऊ देऊन जुनीच ट्यूब चार-पाच वेळा काढा-घाला. आवाज तेवढ्याने गेला तर दोष सॉकेटचा आहे. पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, तो वाळू द्यायचा. सॉकेटमधल्या पट्ट्या सैल पडल्या असतील तर टोकदार सुईने किंचित आवळायच्या. हे शेवटचं काम अँप बंद, प्लग बाहेर आणि कपॅसिटर रिकामे झाल्यावरच.

पुढचे आकडे फेंडर डीलक्स रिव्हर्ब या अँपच्या एबी७६३ सर्किटला धरून दिले आहेत, कारण बाजारातले बरेच अँप याच धाटणीचे निघतात. यात 'व्ही' म्हणजे ट्यूबची जागा: व्ही१ नॉर्मल चॅनेलची, व्ही२ व्हायब्रेटो चॅनेलची, व्ही३ रिव्हर्ब ड्रायव्हर, व्ही४ रिव्हर्ब रिकव्हरी आणि पुढची गेन स्टेज, व्ही५ व्हायब्रेटोची, व्ही६ फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करणारी), मग दोन ६व्ही६ (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबा) आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी) जीझेड३४. तुमचा अँप वेगळा असेल तर आकडे बदलतील, शोधायची पद्धत बदलणार नाही.

उघडण्याआधी

आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी गुळगुळीत करणाऱ्या भागात) साठून राहतं. स्टँडबाय स्विच (हाय व्होल्टेज तोडणारा) 'प्ले'वर ठेवूनच मेन स्विच बंद करा, म्हणजे गरम ट्यूबा बरंचसं व्होल्टेज खाऊन टाकतात. प्लग बाहेर काढा. क्लिपवायरचं एक टोक आधी चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) लावा, दुसरं व्ही१च्या पिन १ला. तिथला १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर (ट्यूबच्या प्लेटला, म्हणजे हाय व्होल्टेजच्या टोकाला जोडलेला) कपॅसिटर हळूहळू रिकामे करतो. एक मिनिट थांबा आणि मग प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर मीटर लावून १० व्होल्टच्या खाली आलंय ना ते बघा. बघाच, कारण मधला एखादा रेझिस्टर तुटलेला असला तर पलीकडचा कपॅसिटर भरलेलाच राहतो. काम संपेपर्यंत क्लिप तशीच राहू द्या आणि अँप चालू करण्याआधी आठवणीने काढा. चालू अँपमध्ये मोजताना एक हात खिशात. स्पीकर न जोडता अँप चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

हाय व्होल्टेजवर हात बसलेला नसेल तर चॅसी न उघडता करायच्या चाचण्या स्वतः करा आणि निकाल कागदावर लिहून मेकॅनिककडे द्या. 'आवाज येतो' एवढंच सांगण्यापेक्षा त्याचा निम्मा वेळ वाचतो.

आधी गिटार बाजूला काढा

इनपुटमधून केबल पूर्ण उपसा. अँप शांत झाला तर त्याला दोष देऊ नका. भानगड गिटार, केबल, पेडल किंवा खोलीत आहे. केबल परत लावा आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर तो पिकअप ओढतोय. गिटार धरून जागेवर गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज जवळपास नाहीसा होत असेल तर सिंगल कॉइल पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. व्हॉल्यूम शून्यावरही आवाज राहिला तर केबल आणि जॅक बघा. केबलच्या शील्डचा (बाहेरच्या जाळीदार आवरणाचा) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोध १ ओहमच्या आत हवा. मीटर लावलेला असतानाच प्लगजवळ केबल वाकवून बघा. नुसतं सरळ ठेवून मोजलं की तुटकी केबलही पास होते.

तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर ती शील्डिंगची उणीव आहे, धोका नाही. तारांना किंवा मायक्रोफोनला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर सगळं तिथल्या तिथे बंद करा. मग सॉकेट मोजायचा: फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ८०-१०० च्या दरम्यान हेलकावे खात असेल तर अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे मागे अर्थ असेलच असं धरून चालू नका.

अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अँप स्टेप-डाउनवर चालवत असाल तर स्टेप-डाउन प्लगमधून काढून त्याच्या इनपुटच्या अर्थ पिनेपासून आउटपुट सॉकेटच्या गोल भोकापर्यंत कंटिन्युइटी तपासा. बीप आली नाही तर तुमचा अँप अर्थविना चालतोय. गुणगुण त्यामुळेही येते, पण मुद्दा जिवाचा आहे.

खोलीतले नेहमीचे गुन्हेगार: गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर. एकेक बंद करून ऐका. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर सहसा त्रास देत नाही, त्यामुळे रेग्युलेटर बदलणं हा कधीकधी सगळ्यात स्वस्त इलाज ठरतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर अँप जास्त भुणभुणत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा लावल्याशिवाय ते जाणार नाही.

पेडलबोर्ड, लॅपटॉप आणि अँप एकत्र जोडल्यावरच आवाज येत असेल तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थला जायच्या एकापेक्षा जास्त वाटा. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, पेडलना आयसोलेटेड आउटपुटची पॉवर सप्लाय द्या, लॅपटॉप आणि अँपच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अर्थ पिन कापून किंवा टेप गुंडाळून गुणगुण घालवायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. आतला एखादा शॉर्ट चॅसीवर आला की गिटारच्या तारा जिवंत होतात. हा सल्ला कुणाचाही ऐकू नका.

गुणगुण कितीची: ५० की १००?

केबल काढूनही आवाज आहे, म्हणजे दोष आत आहे. आता कान लावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. फिलामेंटमधून (ट्यूब तापवणारी तार), बायसमधून (पॉवर ट्यूबचा करंट ठरवणारं उणे व्होल्टेज) किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरलेली गुणगुण ५० हर्ट्झची असते, खोल आणि गोल. रेक्टिफायरच्या पुढच्या फिल्टरमधून गळणारी १०० हर्ट्झची, जरा धारदार.

ओळखायला मीटर लागत नाही. केबल जोडा आणि सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो जी ९८ हर्ट्झचा आहे. गुणगुण त्याच्याशी भिडून सेकंदाला दोन हेलकावे देत असेल तर ती १०० ची. मात्र ओपन-बॅक कॅबिनेटमधला बारा इंची स्पीकर ५० हर्ट्झ फारसा वाजवतच नाही, त्याचे हार्मोनिक्सच जास्त ऐकू येतात आणि कान फसतो. शंका असली तर मोबाइलवर एखादं स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडा आणि कोणता उंचवटा मोठा आहे ते बघा.

जागा शोधणं

व्हॉल्यूम, ट्रेबल, बास, रिव्हर्ब एकेक करून शून्यापासून दहापर्यंत फिरवा. एखाद्या नॉबसोबत आवाज कमीजास्त झाला तर दोष त्या नॉबच्या आधी. काहीच फरक पडला नाही तर नंतर, म्हणजे फेज इन्व्हर्टर, पॉवर ट्यूबा किंवा पॉवर सप्लाय.

मग ट्यूबा काढून बघा. सुरुवात व्ही६पासून करायची, कारण एका झटक्यात अँपचे दोन भाग पडतात. अँप बंद करा, व्ही६ काढा, चालू करा. आवाज तसाच असेल तर दोष व्ही६च्या पुढे. गेला तर व्ही६ परत बसवून व्ही४ काढा, मग व्ही२, मग व्ही१. जी काढल्यावर आवाज थांबतो तिच्या आसपास किंवा तिच्या आधी दोष आहे. हे फिलामेंट पॅरललमध्ये असलेल्या अँपमध्येच चालतं. काही अँपमध्ये फिलामेंट सीरिजमध्ये असतात, एक ट्यूब काढली की बाकीच्याही विझतात आणि चाचणीला अर्थ उरत नाही. दोन पॉवर ट्यूबांपैकी एकच काढून अँप चालवायच्या फंदात पडू नका.

पॉवरच्या बाजूची गुणगुण

इथे सगळे जण थेट फिल्टर कपॅसिटरवर उडी मारतात. त्याआधी पॉवर ट्यूबा जुळलेल्या आहेत का ते मोजा. पुश-पुल अँपमध्ये (जिथे दोन ट्यूबा आळीपाळीने काम करतात) पहिल्या फिल्टरवरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) दोन्ही ट्यूबांमधून सारखा जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकाला मारतो. एक ट्यूब जास्त करंट ओढायला लागली की हिशेब बिघडतो आणि १०० ची गुणगुण बाहेर येते. कपॅसिटर नवे असले तरी येते. प्रत्येक ६व्ही६च्या पिन ८ आणि चॅसीमध्ये १ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर टाका. त्यावरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँप. ४१५ व्होल्ट प्लेटवर २० ते २४ मिलिअँप ठीक. दोघींतला फरक पाचच्या आत असावा; दहा झाला की ऐकू येतो. 'मॅच्ड पेअर' म्हणून घेतलेली जोडीही वापरात हळूहळू फाकते. नव्या ट्यूबा टाकून अँप शांत झाला आणि दोन महिन्यांनी परत गुणगुणला, त्यामागचं हे दुसरं मोठं कारण. तेव्हा बसवतानाचे आकडे लिहून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा.

जोडी जुळलेली असूनही १०० हर्ट्झ आहे, मग फिल्टर कपॅसिटर. पंधरा-वीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक असतील, टोकाला फुगवटा किंवा सुकलेला चिकट स्राव दिसत असेल तर पुढच्या चाचण्यांत वेळ घालवू नका, सगळेच बदला. दिसायला बरे असतील तर चालू अँपमध्ये मीटर एसीवर ठेवून प्रत्येक कपॅसिटरवरचा रिपल मोजा. मीटर डीसी अडवणारा आणि किमान ६०० व्होल्टचा हवा. पहिल्या कपॅसिटरवर चार-सहा व्होल्ट एसी दिसलं तर घाबरायचं कारण नाही. चोकनंतर (रिपल अडवणाऱ्या कॉइलनंतर) अर्ध्या व्होल्टच्या आत आणि प्रीअँपला जाणाऱ्या शेवटच्या कपॅसिटरवर काही मिलिव्होल्टच हवेत. तिथे शंभर-दोनशे मिलिव्होल्ट दिसले की तोच चोर.

मूळ सर्किटमध्ये १६ मायक्रोफॅरडचे आहेत. त्यांच्या जागी २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट बिनधास्त चालतात. अमेरिकेत १२० हर्ट्झचा रिपल येतो, आपल्याकडे १०० चा, म्हणजे तोच कपॅसिटर आपल्याकडे सुमारे वीस टक्के जास्त रिपल सोडतो. म्हणून २२ घालण्यात फायदाच आहे. पण जोशात पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड टाकू नका. जीझेड३४ साठी डेटाशीटमधली मर्यादा ६० ची आहे. त्यापुढे चालू करतानाच्या झटक्याने रेक्टिफायर ठिणग्या टाकतो.

फिल्टरचे कपॅसिटर बदलताना एक छोटा इलेक्ट्रोलिटिक हमखास राहून जातो: बायसचा. तो उणे व्होल्टेजवर असतो, त्यामुळे त्याचं धन टोक चॅसीला जातं. सवयीने उलटा लावला तर फुटतो, बायस जातो आणि पॉवर ट्यूबांच्या प्लेटा लाल होतात. बायसचं रेक्टिफिकेशन अर्ध्या लहरीचं असल्याने तिथला रिपल ५० हर्ट्झचा असतो, म्हणून '५० म्हणजे फिलामेंट' असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

फिलामेंटची गुणगुण

६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधला टॅप जमिनीला (ग्राउंडला, म्हणजे चॅसीला) जोडलेला असतो, किंवा टॅप नसेल तर दोन्ही बाजूंनी चॅसीकडे १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. पॉवर ट्यूब आतून शॉर्ट झाली की हे दोघे फ्यूजच्याही आधी जळू शकतात. मग मालक नवी ट्यूब आणि नवा फ्यूज टाकतो, अँप चालतो, पण आधी नसलेली दणदणीत गुणगुण सोबत घेऊन.

तपासणी मिनिटभराची. अँप बंद, प्लग बाहेर. पायलट दिव्याच्या होल्डरच्या कोणत्याही टोकापासून चॅसीपर्यंत ओहम मोजा. वाइंडिंगचा रोध नगण्य असल्याने दोन्ही रेझिस्टर पॅरललमध्ये दिसतात, म्हणून ५० ओहम आले तर ठीक. १०० आले तर एक गेलाय. काहीच आलं नाही तर दोघेही गेले. मधला टॅप असलेल्या अँपमध्ये शून्याच्या जवळ यायला हवं. नवे टाकताना अर्ध्या वॉटचे पुरतात.

सैल झालेली जमीन

जुन्या हाताने जोडलेल्या अँपमध्ये पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) आणि जॅक यांची जमीन पॅनेलमागच्या पितळी पट्टीतून जाते, आणि पट्टीशी संपर्क नटांच्या दाबावर टिकून असतो. कॉम्बोमध्ये स्पीकर त्याच खोक्यात थरथरत असतो. नट सैल पडतात, पितळेवर काळपट थर चढतो आणि गुणगुण ये-जा करायला लागते. नॉब काढा, १३चा पाना घ्या आणि प्रत्येक नट आवळा. मागून पॉट फिरू देऊ नका, वायरी तुटतात. फिल्टर कपॅसिटरच्या जमिनीच्या वायरी चॅसीवर सोल्डर केलेल्या असतात. तिथला टाका भेगाळलेला असेल तर २५ वॉटच्या आयर्नने नुसता वरवर वितळतो आणि महिन्याभरात पुन्हा सुटतो. ८०-१०० वॉटचा आयर्न हवा. सर्किट बोर्डवाल्या नव्या अँपमध्ये हीच भेग जॅकच्या आणि ट्यूब सॉकेटच्या पायांभोवती बारीक गोल वळ्यासारखी दिसते. जुनं सोल्डर शोषून काढून नवं भरा.

इनपुट जॅकही इथेच. काही न लावलेलं असताना जॅकमधला स्विच इनपुट जमिनीला जोडतो. अँप बंद करून व्ही१च्या पिन २पासून चॅसीपर्यंत मोजलं तर ३४ किलोओहम यायला हवेत (६८ किलोओहमचे दोन पॅरललमध्ये). १ मेगओहमच्या आसपास आले तर जॅकची पट्टी टेकत नाही आणि रिकामा अँप अँटेनासारखा वागतोय. पट्टी साफ करा, हलकेच वाकवा.

चरचर, सूं आणि किंचाळणं

तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज बहुतेक वेळा प्लेट रेझिस्टरचा असतो. इथे एक फसगत आहे. ट्यूब काढली की त्या रेझिस्टरमधून करंटच जात नाही, म्हणून चरचर थांबते आणि दोष ट्यूबच्या माथी जातो. दुसरी चांगली ट्यूब लावून बघा. तरीही चरचरलं तर १०० किलोओहमचा रेझिस्टर बदला. १ वॉटचा मेटल फिल्म घ्या. जुन्या कार्बन कॉम्पोझिशनपेक्षा सूं आवाजही कमी होतो. व्ही१च्या जागी हा बदल सगळ्यात जास्त जाणवतो, कारण तिथला आवाज पुढच्या सगळ्या स्टेज मोठा करतात. बाकी व्हॉल्यूम दहावर ठेवल्यावर थोडं सूं येणारच.

पॉट फिरवताना खरखर आली तर आधी क्लीनर. आठवड्यात परत आली तर पॉटवर डीसी आहे का ते मोजा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे नेणारा) गळतोय. पॉट कितीही वेळा धुवा, ते थांबणार नाही.

प्रत्येक सुरासोबत टिंग असा काचेचा आवाज किंवा मोठ्या आवाजात शीळ आली तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे. पेन्सिलच्या रबरी टोकाने एकेक हळू टिचकवा. जी स्पीकरमधून मोठ्याने उत्तर देते ती. फेकू नका, व्ही६च्या जागी अशी १२एटी७ बहुधा गपगुमान चालते. १२एएक्स७ असेल तर व्ही५ला टाका.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्याबरोबर अँप किंचाळायला लागला तर फीडबॅक (आउटपुटमधून मागे नेलेला सिग्नल) उलटा झालाय. दोन प्लेटच्या वायरी आपसात बदला.

रिव्हर्बचा नॉब उघडल्यावरच गुणगुण वाढत असेल तर टँककडे (रिव्हर्बच्या स्प्रिंगांच्या पेटीकडे) बघा. टँकचं आउटपुट टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब हवं. पिशवीतून काढून उलट दिशेने ठेवून ऐका. त्या बाजूच्या आरसीए केबलचं शील्ड तुटलेलं असलं तरी हेच होतं.

पावसाळ्यात येणारा आणि उन्हाळ्यात जाणारा आवाज

कोकणात, गोव्यात, मुंबईत जुन्या अँपची एक खास तक्रार असते. जुलैत अँप चरचरतो, व्हॉल्यूम आपोआप कमीजास्त होतो, दिवाळीनंतर सगळं आलबेल. या अँपमधला काळा फायबर बोर्ड मेणावलेल्या पुठ्ठ्यासारखा असतो. तो दमट हवेतलं पाणी शोषतो आणि किंचित वीज वाहायला लागतो. चालू अँपमध्ये मीटर डीसीवर ठेवून काळी प्रोब चॅसीला लावा आणि लाल प्रोब बोर्डच्या मोकळ्या जागेवर, कुठल्याही आयलेटला (भाग जोडायच्या धातूच्या भोकाला) न लागता टेकवा. शून्याच्या आसपास यायला हवं. पाच-दहा व्होल्ट दिसले तर बोर्ड गळतोय.

अँप बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, हेअर ड्रायर मध्यम आचेवर दहा मिनिटं फिरवा आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर निदान पक्कं. वाळवून पावसाळा निघतो, पण पुढच्या वर्षी तेच. ग्रिडला (ट्यूबच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाला) जोडलेल्या आयलेटमधल्या वायरी आणि भाग बोर्डवरून उचलून हवेतच एकमेकांना सोल्डर केले तर त्या जागेपुरती गळती कायमची थांबते. पूर्ण बोर्डच गळत असेल तर नवा ग्लास-इपॉक्सी बोर्ड कापून सगळं त्यावर हलवावं लागतं. दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि हलवण्याआधी चारही बाजूंनी भरपूर फोटो काढून ठेवा.